कांचपेटींतील तापट जोडपें

घरीं कांचेच्या पेटींत मासे पाळणाऱ्या कुटुंबांत एक प्रसंग बहुधा ठराविक रीतीनें घडतो. दिवाणखान्यांतील पेटींत पांचसहा प्रकारचे मासे महिनोन्महिने गुण्यागोविंदानें नांदत असतात. त्यांतच बाजारांतून हौसेनें आणलेली, अंगावर काळे आडवे पट्टे असलेल्या लहान माशांची एक जोडी असते. एके दिवशीं सकाळीं पाहावें तों बाकीचे सगळे मासे एका कोपऱ्यांत पाण्याच्या पृष्ठभागाशीं दाटीवाटीनें उभे आहेत. एकाचें शेपूट फाटलें आहे, दुसऱ्याचे खवले उडाले आहेत, आणि पेटीचा उरलेला सारा मुलूख त्या दोन पट्टेवाल्यांनीं काबीज केला आहे. मुलें म्हणतात, हे मासे दुष्ट आहेत. वडील माणसें म्हणतात, दुकानदारानें फसविलें. दोहोंपैकीं एकहि म्हणणें बरोबर नसतें. पेटीच्या तळाशीं आडव्या पडलेल्या मातीच्या कुंडींत शेंदीडशें अंडीं चिकटलेलीं असतात, आणि त्यांचे आईबाप आपलें कर्तव्य बजावीत असतात.

या माशाला इंग्रजींत ‘कॉन्व्हिक्ट’, म्हणजे कैदी, असें म्हणतात. जुन्या तुरुंगांतील पट्ट्यापट्ट्यांच्या पोषाखावरून त्याला हें नांव पडलें. त्याचें मूळ घर मध्य अमेरिकेंत. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्व्हादोर इकडील ओढे व तळीं यांत तो राहतो. आल्बर्ट ग्युंटर या प्राणिशास्त्रज्ञानें १८६७ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या सिक्लिड कुळांत तो मोडतो त्याचा विस्तार मुख्यतः आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिका या खंडांत आहे. भारताच्या वांट्याला या कुळांतील तीनच जाती आलेल्या आहेत. एक केरळचा करीमीन, ज्याला गोव्याच्या बाजारांत काळुंदर म्हणतात आणि ज्याला केरळानें २०१० सालीं राज्यमत्स्याचा मान दिला. दुसरी कर्नाटकांतील नद्यांत आढळणारी. तिसरा दक्षिणेकडील खाड्यांत व गोड्या पाण्यांत राहणारा बोटभर लांबीचा नारिंगी क्रोमाइड. याची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

बहुतेक माशांना अपत्यप्रेम ठाऊक नसतें. रोहू मासा लाखांनीं अंडीं टाकतो आणि चालता होतो. त्यांतून जगतील तीं जगतील. सिक्लिडांचा हिशेब निराळा. अंडीं थोडीं, परंतु राखण डोळ्यांत तेल घालून. कैदी माशांत मादी नराहून लहान असते आणि तिच्या पोटावर नारिंगी झांक असते. पक्ष्यांत व माशांत रंगाचा थाट सहसा नराकडे असतो, येथें तो मादीकडे आहे. पाण्याची उष्णता सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सिअस असली म्हणजे अंडीं सुमारें तीन दिवसांत फुटतात. पुढील चारपांच दिवस पिलांना पोहतां येत नाहीं. तेवढ्या काळांत आईबाप त्यांना तोंडांत धरून वाळूंत उकरलेल्या एका खळग्यांतून दुसऱ्या खळग्यांत हलवितात. मादी बहुतेक वेळ पिलांजवळ असते, नर सरहद्दीवर गस्त घालतो. पिलें पोहूं लागलीं म्हणजे आई तळाची पानें उलथून आणि परांनीं वाळू खळबळवून त्यांच्यासाठीं बारीक खाद्य वर काढते. संध्याकाळ होतांच चुकार पिलांना तोंडांत घेऊन घरीं आणून सोडण्याचा तिचा उद्योग पाहण्यासारखा असतो. हा क्रम महिना-दीड महिना चालतो, आणि याच काळांत या जोडप्याचा स्वभाव असह्य होतो.

मग चुकतें कोठें? ओढ्यांत एखादा परका मासा पिलांच्या जवळ आला कीं त्याला धांवून घालविलें जातें. तो दोनतीन हात लांब पळाला म्हणजे प्रकरण मिटतें. पाठलाग हा जीव घेण्यासाठीं नसून हद्द दाखविण्यासाठीं असतो. कांचेच्या पेटींत मात्र पळणाऱ्याला पळावयास जागाच नसते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी पुष्कळ घरीं असते. तींत पाणी मावतें फार तर पंचावन्न लिटर. तेवढ्या जागेंत हरलेला मासा कोठेंहि गेला तरी तो हद्दीच्या आंतच राहतो. राखण करणाऱ्याला वाटतें, हा अजून गेला नाहीं. तो पुनःपुन्हां मारतो, आणि दोनतीन दिवसांत परका मासा मरतो. माशानें आपलें वागणें बदललेलें नसतें; त्याच्याभोंवतीं भिंती उभ्या राहिल्या, एवढाच फरक.

म्हणून पहिला व सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अंडीं दिसतांच बाकीच्या माशांना तेथून हलविणें, किंवा आधींच जोडीला स्वतंत्र पेटी देणें. केवळ जोडीसाठीं अडीच फुटांची पेटी पुरते. ज्यांना सर्व मासे एकत्रच पाहिजे असतील त्यांनीं निदान तीन फूट लांब व दीड-दीड फूट रुंद-उंच पेटी घ्यावी. अशा पेटींत सुमारें एकशें नव्वद लिटर पाणी राहतें; पाण्याचेंच वजन जवळजवळ एकशें नव्वद किलो होतें, तेव्हां ती साध्या फळीवर ठेवणें धोक्याचें. जोडीची कुंडी अगदीं एका टोकाला ठेवावी आणि पेटीच्या मध्यावर दगडांची व लांकडाची अशी रचना करावी कीं एका टोकाचें दुसऱ्या टोकाला दिसूं नये. दिसेनासा झालेला मासा राखणदाराच्या लेखीं निघून गेलेला असतो. दगड पाण्याच्या निम्म्यावर तरी यावेत. तळाशीं चार गोटे मांडून हा पडदा साधत नाहीं. शिवाय ते कांचेच्या तळावरच बसवून मग वाळू पसरावी, कारण हे मासे उकरण्यांत पटाईत असतात आणि वाळूवर ठेवलेला दगड त्यांच्याच अंगावर कोसळतो.

तळाशीं राहणारे, रात्रीं हिंडणारे मांजरमासे अशा पेटींत मुळींच ठेवूं नयेत. दिवसां ते मार खातात आणि अंधारांत, आईबापांना दिसत नाहीं तेव्हां, अंडीं फस्त करतात.

आतांपर्यंत झाली ती परक्यांची गोष्ट. परंतु अनेक घरीं याहून दुःखद प्रकार घडतो. मालक मोठ्या समंजसपणानें जोडीला स्वतंत्र पेटी देतो, इतर सर्व मासे काढून घेतो, आणि आठवड्याभरांत नर मादीला मारून टाकतो. शांततेसाठीं केलेला उपायच जिवावर उठतो. याचें कोडें प्रयोगशाळांतील लोकांनाहि पडलें होतें. ऑस्ट्रियाचे कॉनराड लोरेंट्स, ज्यांना पुढें १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरील पुस्तकांत ही हकीकत दिली आहे. सिक्लिडांची जोडी एकांतांत ठेवली असतां नराचा रोख मादीकडे वळतो. पण पेटीच्या मधोमध कांच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली कीं दोन्ही नर कांचेंतून एकमेकांवर धांवून जातात आणि आपापल्या घरांत सभ्यपणें वागतात. गंमत अशी कीं मधल्या कांचेवर शेवाळें धरून पलीकडचें दिसेनासें झालें म्हणजे नर पुन्हां बायकोवर गुरगुरूं लागे. तो तसा वागूं लागला म्हणजे कांच पुसण्याची वेळ झाली, असें समजावें. पुढें १९६९ सालीं अ‍ॅन रासा यांनीं याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांसाठीं निवडलेला मासा होता दक्षिण भारताचा नारिंगी क्रोमाइड.

राग हा टाकींतल्या पाण्याप्रमाणें आंत सांठत जातो आणि त्याला कोठें तरी वाट द्यावीच लागते, अशी लोरेंट्स यांची उपपत्ति होती. ती आज बहुतेक शास्त्रज्ञ तशी मान्य करीत नाहींत. पण पेटी बाळगणाऱ्याला उपपत्तीशीं काय कर्तव्य? शेजार असला तर जोडपें सुखी राहतें, एवढें निरीक्षण त्याला पुरे आहे. दुसरी पेटी शेजारीं कांचेला कांच लावून ठेवली तरी काम भागतें. नाहीं तर पाण्याच्या वरच्या थरांत राहणारे चपळ मासे पांचसहा सोडावेत. पश्चिम घाटांतील ओढ्यांत आढळणारा मोठा डॅनिओ या कामीं उत्तम. तो सहसा हातीं सांपडत नाहीं, आणि नराला धांवावयास निमित्त मिळतें. मात्र ही युक्ति लांब पेटींतच करावी. अरुंद पेटींत या चपळ माशांचा बळी देऊन मादीला वांचविणें हा न्याय नव्हे.

मादीला खरा धोका आहे कीं नाहीं हें ओळखतां आलें पाहिजे. जोडी जमतांना दोघें एकमेकांचे ओठ धरून ओढाताण करतात, शेपटीनें पाणी मारतात. नवखा मालक घाबरून त्यांना वेगळें करतो. ही ताकद आजमावण्याची रीत आहे, भांडण नव्हे. दोघेंहि सारख्या आवेशानें उभीं असतील तोंवर काळजी नको. परंतु मादी पर मिटून, रंग उतरून, वरच्या कोपऱ्यांत तिरपी लटकत असेल, आणि ती शरण आल्यावरहि नर थांबत नसेल, तर त्याच तासाला मध्यें आड घालावी. दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. नर मोठा व मादी लहान असल्यानें प्लास्टिकच्या जाळीच्या आडेला मादीपुरतेंच भोंक ठेवतां येतें. मग ती मर्जीप्रमाणें ये-जा करते आणि नराला तिच्या मागें जातां येत नाहीं. कित्येक जोड्यांनीं असा अर्धा संसार वर्षानुवर्षें केलेला आहे.

मुळांत जोडी जमविण्याची पद्धतच बहुधा चुकीची असते. दुकानांतून एक मोठा नर आणि एक मोठी मादी निवडून आणावी, हें लग्न लादल्यासारखें होतें. त्यापेक्षां सहा-आठ लहान पिलें एकत्र वाढवावीं. त्यांतून जीं दोन आपण होऊन एकत्र राहूं लागतील तीं ठेवून बाकीचीं देऊन टाकावीं. नर तयार आणि मादी अजून तयार नाहीं, अशा वेळींच बहुतेक खून पडतात. म्हणून पिलें फार लवकर काढून घेणेंहि इष्ट नाहीं. पिलें गेलीं कीं नर दुसऱ्या विणीची घाई करतो, आणि पहिल्या विणीनें थकलेली मादी त्याच्या तावडींत सांपडते.

पिलांचें पोषण अवघड नाहीं. पहिले कांहीं दिवस नुकताच फुटलेला आर्टेमिया, तो न मिळाल्यास उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमटीहून कमी, पाण्यांत कालवून द्यावा. उरलेला बलक त्याच दिवशीं नळीनें ओढून घ्यावा. पाणी नासतें तें यानेंच.

खरी अडचण पुढें येते. शंभर पिलें जगतात, दीडदोन महिन्यांनीं आणखी शंभर. दुकानदार पहिल्या खेपेला घेतो, दुसऱ्या खेपेला कपाळाला आंठ्या घालतो. मग कोणी तरी सुचवितो कीं गांवच्या तलावांत सोडून द्या, पुण्य लागेल. हें पुण्य फार महाग पडतें. आफ्रिकेंतील मोझांबिक तिलापिया हा याच कुळांतील मासा १९५२ सालीं अन्नासाठीं म्हणून मुद्दाम भारतांत आणला गेला. आज तो दक्षिणेंतील असंख्य जलाशयांत पसरला असून त्याला काढणें कोणाच्याहि हातीं उरलेलें नाहीं. कैदी मासाहि ऑस्ट्रेलियांतील कांहीं उबदार पाण्यांत सुटून स्थायिक झालेला आहे. जो मासा आपल्या पिलांसाठीं दिवाणखान्यांतील पेटी रिकामी करतो, तो लहान तळ्यांतील देशी माशांना जागा देईल, ही आशा व्यर्थ आहे.

ज्यांच्याजवळ पिलांची सोय नाहीं त्यांनीं वीण थांबवावी. पाणी चोवीस अंशांच्या आसपास ठेवावें, कुंड्या व सपाट दगड काढून घ्यावे. यानें वीण बंद पडत नसली तरी मंदावते. अंडीं घातलींच तर पहिल्याच दिवशीं काढावीं. सर्वांत सोपें म्हणजे एकच मासा पाळणें. एकटी मादीहि कधीं कधीं कुंडींत अंडीं घालते, परांनीं वारा घालीत त्यांच्यापाशीं उभी राहते, आणि कांचेवर टेकलेल्या बोटावर धांवून येते. अंडीं फलित नसल्यामुळें दोन दिवसांत पांढरीं पडतात. मग ती तीं एकेक करून खाऊन टाकते आणि पूर्ववत् पेटींत हिंडूं लागते.