तळें एकाचें, पाणी सर्वांचें



सरकार शेतकऱ्याला अनुदान देतें, हें वाक्य शहरांतील सुशिक्षित घरांत बहुधा दयेनें तरी उच्चारलें जातें किंवा असूयेनें तरी. त्या पैशाच्या मोबदल्यांत समाजाला काय मिळतें, हा प्रश्न मात्र राहून जातो. निसर्गरक्षणासाठीं दिलेलें अनुदान हा दानधर्म नव्हे. शेतकऱ्यानें पाणी राखावें आणि त्याचा भार समाजानें उचलावा, असा तो व्यवहार आहे. आणि व्यवहारांत माल मोजून घ्यावयाचा असतो.

२०१६ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली. वाहून जाणारें पाणी शेतांतच अडवावें आणि पावसानें ताण दिला असतां पिकाला एखाद-दुसरी पाळी द्यावी, हा तिचा हेतु. तळें जास्तींत जास्त ३० मीटर लांब, तितकेंच रुंद व ३ मीटर खोल. साह्य तेव्हां ५० हजार रुपयांपर्यंत होतें. एवढ्या तळ्यांत सुमारें २२ लक्ष लिटर पाणी मावतें. कोरडवाहू शेतकऱ्याचें पीक हातीं लागणें किंवा न लागणें कित्येकदां एवढ्याच पाण्यावर अवलंबून असतें.

परंतु द्राक्षें आणि डाळिंबें पिकविणाऱ्या कित्येक भागांत शेततळ्यांचा उपयोगच पालटला. तळाशीं प्लास्टिकचा कागद अंथरला गेला, आणि पावसाऐवजीं विहिरींतून व कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्यानें तळीं भरूं लागलीं. कागदामुळें तळ्यांतलें पाणी जमिनींत मुरत नाहीं. भूगर्भांत तें उन्हापासून सुरक्षित होतें आणि साऱ्या शिवाराचें होतें; तळ्यांत आल्यावर तें उन्हांत पडतें आणि एकाचें होतें. ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून नुसतें एक सेंटिमीटर पाणी उडालें, तरी ९ हजार लिटर गेलें. तिकडे शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ लौकर दिसूं लागतो, आणि अधिक खोल खणण्याची ऐपत त्याच्यापाशीं नसते.

यावरून बागाईतदाराला लोभी ठरविणें अन्यायाचें होईल. द्राक्षाच्या वेलीवर त्याचें कित्येक वर्षांचें भांडवल आणि कर्ज उभें असतें. एक उन्हाळा पाण्यावांचून गेला तर बाग जळते. आपल्यापुरता तो शहाणपणानेंच वागतो. दोष आहे तो मापाचा. सरकारनें खड्डा मोजला. पाणी मोजलें नाहीं.

ठिबक सिंचनाचेंही तसेंच. राज्याच्या पूरक अनुदानासह अल्पभूधारकाला ठरलेल्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत साह्य मिळतें. नळ्या बसल्या कीं पाणी वाचलें, असें आपण धरून चालतों. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लावली, तर जमिनीखालीं शिल्लक काय राहिलें?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें याचें उत्तर शोधलें आहे. आदर्श गांव योजनेंतून तेथें पाणलोटाचीं कामें झालीं. पण गांव तेवढ्यावर थांबलें नाहीं. शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास त्यानें बंदी केली, आणि पाऊस किती झाला तें पाहून, पाण्याचा ताळेबंद मांडून, मग पिकें ठरविण्याचा प्रघात पाडला. पैसा सरकारचा, परंतु नियम गांवानें स्वतः घालून घेतलेला. म्हणून तो पाळला गेला.

अनुदानें बंद करा, असें म्हणणें सोपें आहे. पण त्यानें प्रथम बुडेल तो लहान कोरडवाहू शेतकरीच. अनुदान द्यावें, किंबहुना अधिक द्यावें. मात्र तळें पावसाच्या पाण्यानें भरलें कीं उपशाच्या, आणि गांवच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यांत टिकली कीं नाहीं, हें पाहून द्यावें. आपल्या करांतून हा पैसा जातो आणि त्याच शिवारांतील द्राक्षें आपल्या ताटांत येतात. म्हणून अनुदान किती वांटलें एवढेंच न विचारतां, त्यानें कोणाच्या विहिरींत पाणी राहिलें, हेंही आपण विचारूं लागावें.