राखाडी भिंती आणि आपले रंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक म्हणाले, आठवणी सांगणारे खूप आहेत, तू तुझ्या कामाबद्दल बोल. ते ग्रुपवर जाहीर होताच आपल्यातल्या एकाने विचारलं, "पडद्याचा रंग सांगायचे पैसे मिळतात का गं?" मिळतात. आणि तुझ्या हॉलचे पडदे मी फोटोत बघितलेत, तुझ्याकडून दुप्पट घ्यावे लागतील.

मी घरं आणि लहान हॉटेलं आतून सजवते. लहान म्हणजे आठ-दहा खोल्यांची, जिथं प्रत्येक खोली वेगळी असते. त्यांना हल्ली बुटीक हॉटेल म्हणतात. माझ्या कामात रंग भरपूर असतो, आणि भिंतीवर, पलंगावर, जमिनीवर कुणीतरी हाताने केलेलं काहीतरी असतंच. ऐकायला सोपं वाटतं. पण येणारं गिऱ्हाईक मोबाइलमध्ये वीस फोटो घेऊन येतं आणि त्यातली अठरा घरं राखाडी असतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे फार वाढलं. राखाडी भिंत, पीओपीचं पांढरं छत, त्यात लपवलेली दिव्यांची पट्टी, टीव्हीच्या मागे संगमरवरासारखं दिसणारं लॅमिनेट. घर स्वच्छ दिसतं, नाही असं नाही. पण ते मंठ्याचं आहे की मोहालीचं, ते ओळखू येत नाही. लोक म्हणतात, राखाडी मळत नाही, विकताना घराला भाव येतो. मला खरं कारण वेगळं वाटतं. आपण ज्या घरांत वाढलो ती रंगीत होती आणि त्यात पैसा नव्हता. चुन्यात नीळ घातलेल्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, हिरवं दार, खुंटीला रंगीत पिशवी, देवळीत चिमणी. आपण शिकलो, कमावलं, आणि त्या गरिबीपासून लांब जाताना रंगही तिथंच टाकून आलो. "मॅडम, गावठी नको दिसायला," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा कुणी बजेटसुद्धा विचारलं नसेल.

म्हणून आज मला तुमच्याशी गावठीपणाबद्दलच बोलायचंय. सुरुवात भोकरदनपासून करते.

इटलीतलं पॉम्पेई शहर इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, हे आपण इतिहासात वाचलं. त्या राखेतून उकरलेल्या घरांच्या भिंती लाल निघाल्या, पिवळ्या निघाल्या, वर बागा, पक्षी, देवदेवता रंगवलेल्या. आणि 1938 साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती सापडली. साधारण 25 सेंटीमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. मूर्ती भारतीय, त्यात शंकाच नाही. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि जगभर तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, जरी ती लक्ष्मी असेलच असं नाही. तिच्या डोक्यात वरून एक भोक पाडलेलं आहे. त्यावरून अभ्यासक म्हणतात की ती नुसती मूर्ती नव्हे, एखाद्या छोट्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. म्हणजे फर्निचर! माझ्या धंद्यातला माल.

आता आपल्याकडे या. केळना नदीकाठचं भोकरदन हे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. 1973 साली तिथं उत्खनन झालं आणि त्यात हस्तिदंताची एक मूर्ती मिळाली, पॉम्पेईच्या त्या बाईशी फार जवळचं नातं सांगणारी. त्यामुळे पॉम्पेईचा तो पाय इथल्याच कारागिरांच्या हातचा असावा असं काही विद्वानांचं मत आहे. कुणी मथुरेचं नाव घेतात. वाद मिटलेला नाही, आणि मी भोकरदनची भाची असल्यामुळे माझं मत कुणी विचारू नये. पण एवढं पक्कं, की दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात हस्तिदंतावर बारीक काम करणारे हात होते, आणि त्यांच्यासारख्याच हातांनी घडवलेली वस्तू समुद्रापार एका सजवलेल्या घरात मानाने ठेवलेली होती. तिला कुणी गावठी म्हटलं असेल असं वाटत नाही.

तिथून अजिंठा फार लांब नाही. आपण सगळे सहलीला गेलो होतो. मला आठवतात ते बसमधले भत्ते आणि उलट्या. मोठेपणी परत गेले तेव्हा लक्षात आलं, की यातली बरीचशी लेणी म्हणजे विहार, भिक्षूंनी राहायच्या जागा. मधोमध मंडप, भोवती झोपायच्या छोट्या खोल्या. म्हणजे राहत्या घराच्या दिवाणखान्यात, छतापर्यंत, रंग. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचं छत बघा. फळं, फुलं, हंस, वेली, एक चौकोन दुसऱ्यासारखा नाही. खाली मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी असे रंग साधे. निळा मात्र अफगाणिस्तानातून आणलेल्या राजावर्त दगडाचा. स्वस्तातलं आणि महागातलं एकाच भिंतीवर, आणि कुठलं काय ते बघणाऱ्याला कळतही नाही. घर सजवताना यापेक्षा चांगला धडा मला कुठल्या कोर्समध्ये मिळाला नाही.

जाता जाता सांगते. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलंय, आणि त्यामुळे तिथला गिलावा किडीपासून वाचला असं त्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. मागच्या बाकावरचे का हसतायत ते सरांना माहीत आहे.

मग आपल्या आया-आज्या काय करत होत्या? तेच. भिंतीला मातीचा पोतेरा, जमिनीला सारवण, वर गेरू-चुना. नागपंचमीला भिंतीवर नाग. महालक्ष्म्यांच्या दिवसांत दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं, आणि महालक्ष्म्यांपुढची आरास, जिच्यासाठी शेजारणीशी महिनाभर आधीपासून चढाओढ. आणि गोधडी. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे एकावर एक पसरायचे, वर ठिगळांची रचना, आणि काठापासून आत आत येत धावदोरा. कुठल्या लाल तुकड्याशेजारी कुठला हिरवा ठेवायचा हे ती बाई मनाशीच ठरवत असते. आपले चित्रकलेचे सर एलिमेंटरीच्या संकल्पचित्रासाठी रंगसंगती शिकवायचे ना, ती माझ्या आजीला कुणी शिकवली नव्हती, आणि तिची चूक काढायला सरांनाही अर्धा तास लागला असता. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवर गेलात तर बंजारा बायकांची फेट्या-कांचळी बघा. आरशांचं आणि टाक्याचं ते काम मी दोन हॉटेलांत काचेच्या चौकटीत लावलंय, आणि परदेशी पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

इथं मला दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण रंगाची फॅशन परत येऊ लागली आहे आणि ती वाईट पद्धतीने येतेय. हमरस्त्यावरचं एक हॉटेल आहे, नाव घेत नाही. स्वागतकक्षात वारली चित्राचं स्टिकर, जेवणघरात वारलीचं वॉलपेपर, बाथरूमच्या टाइल्सवरसुद्धा तारपा नाच. मालकांना विचारलं, कुणी काढलं? म्हणाले, छापून आलंय. वारली चित्र म्हणजे लग्नाच्या वेळी सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा देवीचा चौक. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि मग जगभर नेलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. डहाणूकडे आज ते काढणारी माणसं आहेत, बोलावलं तर येतात, भिंत बघून काय काढायचं ते ठरवतात. असं असताना बाथरूमच्या टाइलवर लग्नाचा नाच चिकटवायचा, याला मी सजावट म्हणत नाही. राखाडी भिंत परवडली.

उलट उदाहरण हवं असेल तर सावंतवाडीला जा. तिथं गंजिफा करणारे चितारी होते; गोल पत्ते, चिंचोक्याची खळ, वर लाखेचा हात. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 पत्ते. छापील पत्ते आले आणि ही कला जवळपास संपली. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिरांकडून ती परत शिकून घेतली, तरुण मुलांना शिकवली, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच चितारी बसून काम करू लागले. आता त्या राजवाड्याच्या एका भागात छोटं हॉटेल आहे आणि सजावटीत तेच गंजिफा. पाहुणा रात्री ज्या चित्राखाली झोपतो, ते चित्र काढणारे हात सकाळी चार पावलांवर काम करताना दिसतात. मला यातला राजवाडा महत्त्वाचा वाटत नाही. त्या कारागिरांना वर्षभर काम मिळतं, हे महत्त्वाचं.

माझा स्वतःचा एक नियम आहे, जो काही गिऱ्हाइकांना आवडत नाही. सुताराला जी रोजी, तीच गोधडी शिवणारीला. "बायकांचं घरातलं काम आहे, काय द्यायचं ते द्या" असं ती स्वतः म्हणते तेव्हासुद्धा. आणि कामाच्या मागच्या बाजूला तिचं नाव, गावासकट. एका मालकांनी मला सांगितलं, नाव लिहिलं की उद्या या बायका भाव वाढवतील. मी म्हटलं, वाढवू देत की, तुम्ही खोलीचं भाडं नाही का वाढवत दिवाळीला?

आता जवळचा विषय. आपल्याच वर्गातल्या एकाचा जुन्या जालन्यात वाडा आहे. तो आत्ता इथंच बसलाय, त्याच्या परवानगीने बोलतेय. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्या वाड्याच्या ओसरीवर बसून गणितं सोडवलीत आणि त्याच्या आईच्या हातचे धपाटे खाल्लेत. समृद्धी महामार्ग झाल्यापासून येणंजाणं वाढलं, म्हणून भाऊ म्हणतात वाडा पाडू आणि तीस खोल्यांचं लॉज बांधू. हा म्हणतो, थांबा. काकू काहीच म्हणत नाहीत, त्या फक्त मधल्या खणातली त्यांची खाट हलवू देत नाहीत. मला त्याने बघायला बोलावलं होतं.

मी मोजमाप करून आले. हिशोब सरळ आहे: तीस खोल्या झाल्या तर पैसा जास्त, हे मी भावांपासून लपवलं नाही. पण तीस खोल्यांची लॉजेस बायपासला आधीच उभी आहेत आणि सगळ्यांचे दर एकमेकांना खाली ओढतायत. वाड्यात नऊ खोल्या निघतात. तुळया सागवानी आहेत, दोनच बदलाव्या लागतील. माळवद मात्र गळतंय. आणि मागच्या वेळी कुणीतरी पांढऱ्या मातीच्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट मारलाय. भिंतीचा श्वास कोंडला, आत ओल राहिली, पोपडे निघतायत. तो सगळा खरवडून चुना द्यावा लागेल. ज्यांची जुनी घरं आहेत त्या सगळ्यांनी हे ऐकून ठेवा: माती-चुन्याच्या भिंतीला प्लॅस्टिक पेंट मारू नका, कितीही वर्षांची गॅरंटी देऊ देत.

रंगांचं म्हणाल तर मी खोल्यांना नंबर देणार नाही. पूर्वेची निळीची, मधली पिवडीची, स्वयंपाकघराशेजारची गेरूची. पश्चिमेच्या दोन खोल्यांत चैत्र-वैशाखात तीन वाजता काय होतं ते जालन्यात राहिलेल्याला सांगायला नको, तिथं लाल-पिवळं मुळीच नाही. तिथं थंड हिरवा आणि जाड पडदे. देवळ्या बुजवायच्या नाहीत, तिथं दिवे येतील. बळदाचं तोंड उघडं ठेवून वर काच. प्रत्येक पलंगावर गोधडी, आणि ती शिवायला त्याच गल्लीतल्या सहा बायका तयार आहेत, मी विचारून आलेय. त्यातली एक आपल्या शाळेत शिपाई असलेल्या मामांची सून आहे.

काकूंचा मधला खण तसाच राहील. त्या खाटेवर बसून त्या पाहुण्यांना विचारतील, कुठले तुम्ही, जेवलात का. त्यासाठी वेगळा माणूस नेमायला लागणार नाही.

भावांची बैठक पुढच्या रविवारी आहे. वाडा ठेवायचा ठरला तर माळवदाचं काम मृगाच्या आधी उरकायला हवं, म्हणजे हातात अडीच महिने. नकाशा आणि खर्चाचा कागद मी दोन प्रतींत आणलाय. आपल्यात दोन सिव्हिल इंजिनिअर आहेत, एक बँकेत कर्ज बघतो, आणि स्टीलवाले तर चार आहेत, जरी मला तुमचं स्टील फारसं लागणार नाही. जेवणं झाली की मागच्या व्हरांड्यात जमा, कागद तिथं पसरते. सर, तुम्हीही या. निळीचा हात किती गडद घ्यायचा, ते मला तुमच्याकडून ठरवून घ्यायचंय.