तांबड्या मातींतला डाव

श्रावणांतल्या सोमवारीं जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथें कपर्दिकेश्वराच्या यात्रेंत कुस्त्यांचा आखाडा भरतो. आंबेगांवाकडील गांवजत्रांतही हलगी कडाडली कीं आखाड्याभोंवतीं माणसांचें कडें उभें राहतें.

या खेळाचा मोठा गुण हा कीं त्याला साहित्य लागत नाहीं. लंगोट आणि माती पुरे. शिवाय निकाल उघड असतो. पाठ मातीला लागली कीं वाद मिटला. लहान मुलालाही तें कळतें.

उणीवही त्यांतच दडलेली आहे. जुन्या रिवाजानें चीतपट झाल्याविना हार नाहीं. म्हणून तुल्यबळ मल्ल बराच वेळ खोळंबतात आणि कुस्ती बरोबरींत सुटते. जोडही पुष्कळदां वजनापेक्षां नजरेनेंच लावतात. गादीवर मात्र वजनगट, मुदत आणि गुण यांचा हिशेब असतो.

१९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं ५७ किलो गटांत कांस्यपदक मिळविलें, तें गादीवरच. त्या गटाचें सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीनें जिंकलें. इशीचा पाया ज्युदोचा, जाधवांचा मातीचा. घरची विद्या न टाकतां दोघांनीं परकी रीत आत्मसात् केली.

जुन्नर-आंबेगांवच्या तरुण मल्लांपुढें हाच मार्ग आहे. मातींत दम कमवावा, गादीवर हिशेब शिकावा. एकीसाठीं दुसरी मोडण्याचें कारण नाहीं.