शाळेच्या बांधकामावर जनतेचा माणूस



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि इतिहासावर विद्वानांची व्याख्याने होतात. शाळा लवकर सुटलेल्या आणि पुढचे सारे आयुष्य गवंडी-बिगाऱ्यांच्या संघटनेत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला चालकांनी येथे बोलावले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी निवडलेला विषय विटा-सिमेंटाचा आहे, पण तो तुमच्या-आमच्या मुलांच्या डोक्यावरील छपराचाही आहे. सरकारी पैशाने शाळा बांधली जात असताना त्या जागेवर जनतेच्या वतीने कोण उभा असतो, हा माझा प्रश्न आहे. परदेशात या कामासाठी खास माणूस नेमतात आणि त्याला कन्स्ट्रक्शन मॅनेजर, म्हणजे बांधकाम व्यवस्थापक म्हणतात. तो आपल्याला हवा काय, आणि हवा असेल तर कसा हवा, याचा आज विचार करू.

स्वतःचे घर बांधणारा गृहस्थ काय करतो ते आठवा. तो सकाळ-संध्याकाळ जागेवर चक्कर मारतो. विटा भिजवल्या का, रेतीत माती किती, स्लॅबवर पाणी मारले का, हे पाहतो आणि सिमेंटच्या गोण्या मोजतो. त्याला इंजिनियरिंग येत नाही, पण त्याचा डोळा तेथे असतो आणि कंत्राटदाराला तो डोळा जाणवतो. सार्वजनिक शाळेचा मालक कोण? आपण सगळे. म्हणजे बारभाईंची खेती! नकाशा काढणारा आपल्या कचेरीत असतो. खात्याच्या इंजिनियरकडे एकाच वेळी अनेक गावांची कामे असतात. तो येतो, मोजमाप पुस्तकात आकडे भरतो आणि पुढच्या गावी जातो. उरला कंत्राटदार. त्याचे काम त्यानेच तपासायचे, अशी वेळ येते.

आपल्याकडे यावर एक उपाय निघाला. सर्व शिक्षा अभियानात वर्गखोल्यांची बांधकामे ग्रामशिक्षण समितीकडे आणि पुढे शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली गेली. गावाचे काम गावाने करावे, ही कल्पना चांगलीच होती. परंतु समितीचा सचिव मुख्याध्यापक. म्हणजे भूमिती शिकवणाऱ्या माणसाने सळ्यांचे वजन करायचे आणि वाळूच्या ट्रकची वाट पाहायची! 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. बांधकामावर देखरेख हे शिक्षणाचे काम आहे असे कोण म्हणेल? गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. ते काम त्यांचे नव्हेच.

डोळा नसला म्हणजे काय होते, ते श्रीमंत देशांतही दिसले आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात ऑक्सगँग्ज नावाची प्राथमिक शाळा आहे. 29 जानेवारी 2016 रोजी वादळात तिची बाहेरची भिंत कोसळली आणि सुमारे नऊ टन विटा खाली आल्या. मुले अजून यायची होती, म्हणून कोणी दगावले नाही. पुढे तपासणी झाली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच योजनेतल्या 17 शाळा बंद कराव्या लागल्या. सात हजारांहून अधिक मुलांची व्यवस्था दुसरीकडे करावी लागली. या इमारती जुन्यापुराण्या नव्हत्या, याच शतकात बांधलेल्या होत्या.

दोष कोठे होता? तिकडे भिंत दुहेरी बांधतात. दोन पडदे आणि मध्ये पोकळी. हे दोन्ही पडदे पोलादी पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. पट्टीचे प्रत्येक टोक मसाल्यात किमान 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच रुतले पाहिजे. कित्येक ठिकाणी ते तेवढे रुतलेच नव्हते. वरचा थर चढला की पट्टी कायमची झाकली जाते. ती पाहण्याची वेळ दहा-पंधरा मिनिटांची असते आणि त्या वेळी तेथे शहराचा कोणी माणूस नव्हता. नगरपालिकेने बांधकाम आणि त्याची तपासणी दोन्ही खाजगी भागीदारांवर सोपवून दिले होते. जॉन कोल यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी 2017 मध्ये आला. जागेवर स्वतंत्र तपासणी नव्हती, यावर त्याने बोट ठेवले. पूर्वी ब्रिटनमध्ये मालकाच्या वतीने दिवसभर बांधकामावर राहणारा ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ असे. तो पुन्हा आणा, अशी शिफारस त्यांनी केली.

उलट उदाहरण कॅलिफोर्नियाचे. 10 मार्च 1933 रोजी सायंकाळी लाँग बीच येथे भूकंप झाला. 70 शाळा नष्ट झाल्या, आणखी 120 शाळांचे मोठे नुकसान झाले. शाळा सुटून गेल्या होत्या, एवढेच नशीब. लोक खवळले आणि महिनाभरातच, 10 एप्रिलला, फील्ड कायदा मंजूर झाला. नकाशे राज्याच्या तज्ज्ञांनी तपासायचे, काम चालू असताना निरीक्षकाने सतत जागेवर राहायचे, आणि निरीक्षकाचा पगार कंत्राटदाराने नव्हे तर शाळेच्या मंडळाने द्यायचा. काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले, असे निरीक्षक, वास्तुतज्ज्ञ आणि कंत्राटदार या सर्वांनी स्वतःच्या सहीने सांगायचे. त्यानंतर त्या राज्यात अनेक भूकंप झाले, पण या कायद्याखाली बांधलेली शाळा कोसळून मूल दगावल्याची नोंद नाही.

आता व्यवस्थापकाकडे वळतो. निरीक्षक चूक पकडतो. व्यवस्थापकाचे काम त्याहून मोठे. नकाशा कागदावर असतानाच तो खर्च पडताळतो. गवंडी, सुतार, नळवाले, वीजवाले यांची कामे एकमेकांच्या आड येणार नाहीत अशी लावून देतो. गिलावा झाल्यावर नळासाठी भिंत फोडणे, हा जो आपला राष्ट्रीय रिवाज आहे, तो त्याने मोडायचा असतो. जून उजाडण्यापूर्वी वर्ग तयार पाहिजेत, हे त्याने ध्यानात ठेवायचे असते.

पण सावध राहा. या एकाच नावाची दोन माणसे आहेत. एक निव्वळ मालकाचा माणूस. तो ठरलेले वेतन घेतो, काम स्वस्त झाले काय की महाग, त्याला त्यात लाभ नाही. दुसरा सुरुवातीला सल्ला देतो, मग ‘एवढ्या रकमेच्या आत शाळा बांधून देतो’ अशी हमी देऊन कामच अंगावर घेतो. दुसरा वाईट असे मी म्हणत नाही. हमीची रक्कम ठरल्याने मालकाला खर्चाचा अंदाज येतो. परंतु त्या क्षणापासून तो कंत्राटदार झाला, हे विसरू नये. लग्नघरी आचारी कितीही भला असला, तरी कोठीची किल्ली घरच्या काकूंकडेच असते. आचाऱ्याकडेच किल्ली दिली तर मोजून देणारा आणि मोजून घेणारा एकच होतो!

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2004 च्या कायद्यात हा भेद नीट ओळखला. 50 लाख डॉलरांवरच्या इमारतींना हमीवाला व्यवस्थापक घेण्याची मुभा दिली. पण 15 लाख डॉलरांवरच्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीसाठी मालकाचा स्वतःचा व्यवस्थापक सक्तीचा केला, आणि तो वास्तुतज्ज्ञापासून व कंत्राटदारापासून पूर्ण स्वतंत्र असावा, असे बजावले. त्यातली एक तरतूद मला विशेष भावली. नोंदणीकृत इंजिनियर किंवा वास्तुतज्ज्ञ असेल तर पाच वर्षांचा अनुभव पुरे, नसेल तर सात वर्षांचा पाहिजे. म्हणजे पदवी नसलेल्या जाणत्या माणसालाही त्यांनी दार उघडे ठेवले. आमच्या कितीतरी जुन्या मिस्त्रींना आणि मुकादमांना आपल्याकडे असे दार कोण उघडणार?

येथे माझ्या लोकांविषयी बोललेच पाहिजे. काम कच्चे होत आहे, हे सर्वांत आधी गवंड्याला कळते. त्याच्या थापीला मसाल्यातले सिमेंट किती ते कळते. मग तो बोलत का नाही? कारण बोलला तर उद्या हजेरी नाही. उक्त्याची मजुरी जितकी बारीक, तितका हात घाईने चालतो आणि पट्टी दोन इंचांऐवजी एक इंच रुतते. म्हणून व्यवस्थापकाने गोण्या मोजाव्यात तशी हजेरीपत्रकेही पाहावीत. मजुरी वेळेवर मिळते का, परांचीला कठडा आहे का, हे विचारावे. ‘साहेब, येथे लोखंड कमी आहे’ असे सांगणाऱ्या बिगाऱ्याला त्याने पाठीशी घालावे. भेदरलेल्या हातांनी भक्कम शाळा उभी राहत नाही.

आक्षेप येईल की दोन खोल्यांच्या शाळेला व्यवस्थापकाचा पगार परवडणार कसा? आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक शाळेला एक नव्हे, तर जवळजवळच्या पाच-सहा कामांना मिळून एक नेमावा, पण पायाभरणी, लोखंड बांधणे आणि स्लॅब टाकणे या दिवशी तो हजर असल्याशिवाय काम पुढे जाऊ नये. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहणे, हे त्याचे मुख्य कर्तव्य. दुसरा आक्षेप असा की तोही कंत्राटदाराला मिळाला तर? मिळू शकतो. देवळाच्या पुजाऱ्यावरही हिशेब ठेवावा लागतो. म्हणून व्यवस्थापकावर आपला डोळा हवा.

आणि तो अधिकार आपल्याला आहे! 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कागदाच्या नकला मागण्याबरोबरच सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे. कोणत्या गावाने शाळेच्या वाळूचा नमुना मागितला आहे? हातात ओळंबा असून आपण भिंत डोळ्यांच्या अंदाजाने पाहतो आहोत.

बंधुभगिनींनो, 25 जुलै 2025 रोजी राजस्थानात, झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छप्पर कोसळले आणि सात मुले गेली. ती इमारत नवी नव्हती. यावरून एवढे कळते की शाळेचा ताबा घेतला म्हणून जबाबदारी संपत नाही. दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी छपरावर चढलेच पाहिजे.

तुमच्यात नगरसेवक आहेत, शिक्षक आहेत, पालक तर बहुतेक सगळेच आहात. आपल्या गावात पुढची शाळाखोली मंजूर होईल तेव्हा फीत कोण कापणार याची चर्चा नंतर करा. आधी विचारा: जागेवर आमचा माणूस कोण, त्याला पगार कोण देतो, आणि लोखंड झाकण्यापूर्वी ते पाहून सही कोणी केली? त्या सहीखालचे नाव शाळेच्या भिंतीवर लावा, म्हणजे सही करणाऱ्याचा हात थोडा विचार करील.