घाटावरच्या जवानाची झोप



उज्जैनच्या रामघाटावर पर्वणीच्या दिवशी सगळ्यांची तोंडं नदीकडे असतात. पायरीवर उभा असलेला एक माणूस मात्र गर्दीकडे बघत असतो. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हाताशी दोर आणि हवा भरलेली ट्यूब. हा होमगार्डचा नाहीतर राज्याच्या आपत्ती दलाचा जवान. शेवाळलेल्या पायरीवरून कुठल्या आजीबाईंचा पाय सटकतोय, मित्रांना दाखवायला म्हणून कुठला पोरगा साखळीच्या पलीकडे जातोय, यावर त्याचं लक्ष. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्याच गळ्याला मिठी मारतो, म्हणून त्याला पाठीमागून धरायचं, हे त्याला पक्कं शिकवलेलं असतं. बाहेर काढलेला यात्रेकरू पाणी ओकतो, थोडा वेळ बसतो आणि महाकालच्या रांगेत जाऊन उभा राहतो. जवानाचं नावही विचारायचं त्याला सुचत नाही. त्याचं काही नाही. रात्री डोळ्यांपुढे येतो तो हाती न लागलेला. किंवा उशिरा हाती लागलेलं लहान पोर, आणि ते ज्या आईच्या मांडीवर ठेवलं तिचा तो आवाज.

पोहायला शिकवलं, पण या आवाजाचं काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

उज्जैनमध्ये असे प्रसंग नवे नाहीत. 5 मे 2016 ला ऐन सिंहस्थात वादळी पाऊस झाला, मंडप कोसळले, माणसं दगावली. 25 मार्च 2024 ला, धुळवडीच्या पहाटे, महाकालच्या गर्भगृहात भस्मारतीच्या वेळी गुलालाने भडका घेतला आणि पुजारी-सेवेकऱ्यांसह 14 जण भाजले. 6 सप्टेंबर 2025 च्या रात्री तर पोलिसांचीच गाडी पुलावरून भरल्या क्षिप्रेत गेली. तिघे गेले. शोध 9 तारखेपर्यंत चालला. त्या गढूळ पाण्यात उतरलेले लोक आपल्याच खात्यातल्या माणसांना शोधत होते. बातमी तिसरा मृतदेह मिळाल्यावर संपली. शोधणाऱ्यांची सुट्टी, झोप, जेवण यांवर ओळ छापून येत नसते.

मग घरी काय दिसतं? झोप तुटते. कुकरची शिट्टी वाजली तरी दचकायला होतं. पोराला अंघोळीला एकटं सोडवत नाही. बायको काही विचारायला गेली, की ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणून अंगावर यायचं. संध्याकाळी ‘थोडीशी’ घेतल्याशिवाय डोळा लागत नाही. मोठ्या धक्क्यानंतर काही दिवस असं होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर मात्र डॉक्टर गाठायला हवा.

यावर उपाय म्हणून एक गोष्ट फार लवकर सुचते. सगळ्यांना एका खोलीत बसवा आणि मन मोकळं करायला लावा. अमेरिकेत जेफ्री मिचेल या, स्वतः अग्निशमन दलात काम केलेल्या माणसाने 1983 मध्ये अशी रीतसर पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की एकदाच बसवून सगळं वदवून घेतल्याने पुढचा आजार टळत नाही. काहींना उलट त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मार्गदर्शिका म्हणूनच सांगते, की आधी बघा, माणूस बोलेल ते ऐका, लागेल त्या मदतीशी त्याची गाठ घालून द्या. बोलायची बळजबरी नको. म्हणजे दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात पाहुणे, पुष्पगुच्छ आणि ‘तणावमुक्त जीवन’ यावर व्याख्यान, हा प्रकार बंद केला तरी बिघडणार नाही. माझं हे मत कडक वाटेल, पण त्या खुर्च्यांवर पेंगणारे जवान आठवून बघा.

त्यापेक्षा ड्युटीचा तक्ता हातात घ्या. मुंबईत 2016 मध्ये रवींद्र पाटील या पोलिसाने आठ तासांच्या पाळीचा आराखडा बनवून आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. देवनार पोलीस ठाण्यात तो आधी करून पाहिला आणि मग इतर ठाण्यांत नेला. मनुष्यबळ कमी आहे म्हणून पाळ्या जमत नाहीत, हे उत्तर तोवर सगळ्यांना पाठ होतं. होमगार्डची अडचण आणखी वेगळी. तो कायद्याने स्वयंसेवक. ड्युटी केली त्या दिवसाचा भत्ता. त्याला ‘दोन दिवस आराम कर’ म्हणणं म्हणजे दोन दिवसांचा भत्ता बुडव म्हणणं. प्रेत काढलेल्या जवानाला दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर उभं करू नये, आणि ती विश्रांती भरपगारी असावी. इतकं जरी लेखी झालं, तरी दहा व्याख्यानांचं काम होईल.

पुढच्या वर्षांत ही गरज वाढणार आहे. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा, 2028 मध्ये उज्जैनचा सिंहस्थ, तोही उन्हाळ्यात. घाट, पूल, रस्ते यांची कामं निघाली आहेत. बंदोबस्ताच्या आराखड्यात पाळी, सावलीतली झोपायची जागा आणि मानसोपचारतज्ज्ञाची फेरी हे तीन रकाने आताच घालावेत, अशी दोन्हीकडच्या प्रशासनाला विनंती आहे.

आणि घरच्यांसाठी. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन फुकट, दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येतं. आपल्या घरात वर्दीतला माणूस असेल, तर हा क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये आजच घालून ठेवा. त्याने फोन नाही केला, तर तुम्ही करा.