झडप आणि रोहिणी : एक शस्त्रक्रिया कीं दोन ?

सत्तरीच्या आसपास पोहोंचलेल्या एखाद्या गृहस्थांना जिना चढतांना धाप लागूं लागते, छातींत कळ येते, क्वचित् डोळ्यांपुढें अंधारीही येते. तपासणींत आढळतें कीं, हृदयाच्या चार झडपांपैकीं महारोहिणीच्या मुखाशीं असलेली झडप चुन्याचे थर बसून ताठर झाली आहे. ती बदलावयाची असें घरांत ठरतें, तोंच दुसरें वृत्त येतें : खुद्द हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीही अरुंद झाल्या आहेत. दोन्ही कामें एकाच वेळीं उरकावीं काय, असा प्रश्न मग उभा राहतो.

हीं दोन दुखणीं शेजारीं आहेत. त्या झडपेच्या लगेच वर हृदयरोहिणींचीं मुखें असतात. दोन्हीं रोग उतारवयांत बळावतात, आणि छातींतील कळ दोहोंमुळेंही येते. म्हणून झडप बदलण्यापूर्वीं रोहिणींचें चित्र घेण्याचा प्रघात आहे. त्या चित्राचा शोधच मुळीं झडपेच्या वाटेनें लागला. १९५८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें डॉ. मेसन सोन्स एका रोग्याची झडप पाहत असतां नळी चुकून उजव्या हृदयरोहिणींत शिरली, आणि ती रोहिणी चित्रांत स्पष्ट उमटली. तेथेंच १९६७ सालीं डॉ. रेने फावालोरो यांनीं पायांतील शिरेचा तुकडा जोडून बायपासची पद्धति रूढ करण्यास आरंभ केला.

एकत्र शस्त्रक्रियेच्या बाजूचें कारण उघड आहे. छाती एकदांच उघडावी लागते. नवी झडप बसवूनही स्नायूला रक्त अपुरें पडत राहिलें, तर तें हृदय शस्त्रक्रियेचा ताण कसा सोसणार ? म्हणून रोहिणी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असेल, अथवा डावी मुख्य रोहिणी निम्मी बुजली असेल, तर सामान्यतः बायपासही त्याच वेळीं करतात.

परंतु प्रत्येक जोडाबरोबर हृदय थांबवून ठेवण्याचा काळ वाढतो. एकट्या झडपेच्या शस्त्रक्रियेपेक्षां जोडशस्त्रक्रियेंत धोका अधिक असतो. मूत्रपिंडें वा फुप्फुसें दुबळीं असतील तर तो आणखीच वाढतो. म्हणून किरकोळ अरुंदपणासाठीं जोड देत नाहींत.

खरी अडचण उलट बाजूनें येते. रोगी बायपाससाठीं आला आहे आणि झडप थोडीशीच बिघडली आहे, तर काय करावें ? निरोगी झडपेचें तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतें. तें १ वर आलें, किंवा रक्ताचा झोत सेकंदाला ४ मीटरवर गेला, तर झडप बदलणेंच योग्य. झोत ३ ते ४ मीटरांच्या दरम्यान असल्यास मात्र मतें विभागतात. हा वेग सरासरीनें दरवर्षीं ०.३ मीटरनें वाढतो. म्हणजे साठीच्या माणसाला कांहीं वर्षांतच पुन्हां शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव असतो, आणि छाती पुन्हां उघडतांना बायपासच्या चालू जोडांना इजा होऊं शकते. उलट, नवी झडपही निर्वेध नसते. धातूची असेल तर रक्त पातळ ठेवण्याचें औषध जन्मभर घ्यावें लागतें. प्राण्यांच्या ऊतींची असेल तर ती कालांतरानें झिजते.

२००२ सालीं फ्रान्समधील रूआं येथें डॉ. आलँ क्रिबिए यांनीं छाती न उघडतां, नळीच्या वाटेनें झडप बसविली, तेव्हांपासून या हिशेबांत तिसरी वाट आली आहे. वयोवृद्धांत झडप नळीनें बसवून रोहिणीही फुग्यानें व जाळीनें मोकळ्या करतां येतात. २०२४ सालीं उत्तर युरोपांतून प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत, अशा रोग्यांच्या रोहिणी मोकळ्या केल्यानें मृत्यु, हृदयाचा झटका व तातडीचे उपचार यांचें एकत्रित प्रमाण घटलें. रक्तस्राव मात्र वाढला.

तेव्हां घरच्या मंडळींनीं चार गोष्टी विचारून घ्याव्या : अरुंदपणा नेमका किती, झडपेची अवस्था कोणती, या विशिष्ट शरीराला वाढीव वेळ कितपत झेपेल, आणि नळीची वाट खुली आहे काय. आणि पांचवी गोष्ट वैद्याला नव्हे, रोग्यालाच विचारावी : एकदांच मोठें संकट पत्करून मोकळें व्हावें, कीं आज थोडें सोसून उद्यांची टांगती तलवार स्वीकारावी ? हें उत्तर ज्याच्या छातीचें, त्याचेंच असलें पाहिजे.