पद्मिनी पन्नाशीची झाली

थंडीचा महिना म्हणजे आदिलाबादच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांची धामधूम. इंजिन तापायची धास्ती कमी, आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पैनगंगेपर्यंत मित्रांसोबत फेरी मारावी असं हवामान.

या शौकात आपल्याला सगळ्यात जवळची गाडी म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, मुंबईत कुर्ल्याला बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. गार सकाळी चोक ओढायचा, इंजिन धडधडलं की हलकेच आत सारायचा. ते जमलं की शेजारी उभ्या मित्राच्या चेहऱ्यावरही हसू येतं! मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी कायमची गेली, तेव्हा अनेकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

१९७४ पासून पद्मिनी या नावाने आलेल्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडताहेत. म्हणजे त्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमांत बसू शकतात. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावीत आणि गाडी मूळ रूपात जपलेली असावी. व्हिंटेज नोंदणी दहा वर्षांची, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा मोजक्याच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा अर्ज करण्याआधी मित्रांसोबतच्या फेऱ्यांचा विचार करा, आणि निघण्यापूर्वी रेडिएटरचं पाणी नि ब्रेक ऑइल तपासा.